पात्रनामे, मराठी कथात्म साहित्यातील

कथा, कादंबरी व अन्य कथात्म प्रकारांतील व्यक्तिरेखांना लेखकाने दिलेली नावे. प्रत्यक्ष जीवनात मूल जन्मते, त्याचे बारसे होते आणि त्याचा स्वभाव मागाहून घडत जातो. कथात्म साहित्यात हा क्रम बहुधा उलटा असतो. पात्राचा स्वभाव, त्याच्या आयुष्याची दिशा व शेवट लेखकाला आधी ठाऊक असतात आणि नाव मागून येते. त्यामुळे आपल्याला ठाऊक असलेले सर्व काही नावातूनच सांगून टाकण्याचा मोह लेखकाला होतो. आईबापांनी ठेवलेले वाटावे असे नाव आणि लेखकाने ठेवलेले दिसणारे नाव यांतील अंतर त्या मोहातून उत्पन्न होते. मराठी कादंबरीचा सु. १६५ वर्षांचा इतिहास या एका अंतराच्या कमीअधिक होण्यातूनही पाहता येतो.

मराठी माणसाचे व्यवहारातील पूर्ण नाव तीन भागांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे (विवाहित स्त्रीच्या बाबतीत रूढीने पतीचे) नाव आणि आडनाव. या तिन्हींतून व त्यांना लागणाऱ्या प्रत्ययांतून जात, प्रदेश, पिढी, वैवाहिक स्थिती आणि सांपत्तिक पत यांचा अंदाज ऐकणाऱ्यास येतो. गोविंदा, गोंद्या, गोविंदराव आणि गोविंदपंत ही एकाच नावाची चार रूपे असली, तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ती चार वेगळी माणसे उभी करतात. त्यांपैकी कोण ओसरीवर बसेल आणि कोण अंगणात उभा राहील, हेही तो ताडतो. आडनाव उच्चारले की उरलेला संदेह बहुधा फिटतो. म्हणून मराठी लेखकाला पात्राचे नाव हे निव्वळ ओळखचिन्ह म्हणून वापरता येत नाही. तो नाव देतो, तेव्हा समाजातील एक जागाही देतो. आणि ती जागा सांगायची नसेल, तर नावाची काटछाट करावी लागते. ही काटछाट मराठी कादंबरीत फार झाली आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने पात्रनामांविषयी काही संकेत घालून दिले होते. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात (चौदावे शतक) गणिकांची नावे दत्ता, सिद्धा, सेना अशा पदांनी संपणारी असावीत, वणिजांच्या नावांत बहुधा दत्त हे पद असावे आणि दासदासींची नावे वसंतादी ऋतूंत वर्णनीय असणाऱ्या वस्तूंवरून घ्यावीत, असे सांगितले आहे. मृच्छकटिकातील वसंतसेना हे पहिल्या संकेताचे ठळक उदाहरण. चारुदत्त जन्माने ब्राह्मण असूनही सार्थवाहाच्या कुळातील आहे आणि त्याचे नाव कुळाच्या व्यवसायाला धरून आहे. नाटक पाहणाऱ्याला पात्राचा दर्जा प्रवेशाबरोबर कळावा, हा या संकेतांमागील हेतू दिसतो. धर्मशास्त्राचा हेतू निराळा होता. मनुस्मृतीने ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक व शूद्राचे जुगुप्सासूचक असावे असे म्हटले. स्त्रियांची नावे उच्चारास सोपी, मनोहर व दीर्घ स्वराने संपणारी असावीत असेही सांगितले. त्याच ग्रंथात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींवरून नाव पडलेली मुलगी वधू म्हणून वर्ज्य ठरविली आहे. महाराष्ट्राने हा शेवटचा निषेध जुमानला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी ही नावे घरोघर राहिली. शूद्रांच्या नावांविषयीचे वचन मात्र फार खोलवर पोहोचले.

आरंभीची कादंबरी : बाबा पदमनजींची यमुनापर्यटन (१८५७) ही सामान्यतः मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. तिच्या नायिकेचे नाव यमुना व तिच्या पतीचे विनायक. हिंदू विधवांची दैन्यावस्था मांडणाऱ्या या पुस्तकाला घराघरांत आढळणारेच नाव हवे होते आणि ते लेखकाने घेतले. पुढच्याच दशकातील कादंबरीकारांनी ही वाट सोडली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायिकांची नावे मोत्यांची माळ व मधुर स्वर यांची आठवण देणारी, दीर्घ स्वराने संपणारी व कोणत्याही मराठी वाड्यात ऐकू न येणारी अशी आहेत. त्या कादंबऱ्यांतील राज्ये व कारस्थाने जितकी नकाशाबाहेरची, तितकीच ही नावेही. अद्भुतरम्य कथेचा तो दोष मानण्याचे कारण नाही. त्या कथेला यमुना हे नाव शोभले नसते.

हरि नारायण आपटे यांनी पण लक्षात कोण घेतो? (१८९०–९३) या कादंबरीच्या निवेदिकेला पुन्हा यमुना हेच नाव दिले. पहिल्या कादंबरीची आठवण ठेवून त्यांनी ते योजले असो वा नसो, दोन्ही ठिकाणी ते नाव विधवेच्या दुःखाशी जोडले गेले. आपट्यांची कमाई मात्र नावापेक्षा नावाच्या वापरात आहे. माहेरी ती यमू असते, सासरी तिला ज्या रीतीने हाक मारली जाते तीत माया उरत नाही आणि पती रघुनाथरावांशी तिचे नाते जमत जाते, तसतशी हाकेतही आपुलकी येते. महाराष्ट्रात लग्नाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून वधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा आहे. एका स्त्रीच्या आयुष्यात नावे कशी बदलतात, आणि प्रत्येक नावाबरोबर तिच्यावर हक्क सांगणारी माणसे कशी बदलतात, हे ज्या समाजाला रोज दिसत होते, त्याला आपट्यांनी हाकेची किंमत दाखवून दिली. त्यांच्या मी या कादंबरीचा नायक भाऊ हा पुढे भावानंद होतो. तेथे नाव बदलणे म्हणजे संसार सोडून लोकसेवेचे व्रत घेणे होय.

नाटकाला पात्राची ओळख झटपट करून द्यावी लागते. त्यामुळे अर्थवाही नावांची परंपरा रंगभूमीवर अधिक काळ टिकली. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकात मुलीचा पैसा करणारा बाप कांचनभट आणि तिच्याशी लग्न करू पाहणारा जरठ वर भुजंगनाथ आहे. ही नावे ऐकताच प्रेक्षकांचा कौल ठरून जातो. राम गणेश गडकऱ्यांच्या एकच प्याला (१९१९) मध्ये योजना अधिक गुंतागुंतीची आहे. सुधाकर म्हणजे चंद्र, अमृताचा साठा. त्याच्या हाती मद्याचा पेला येतो. सिंधू ही पुन्हा नदीच. परंतु या नाटकाचे खरे भाषिक यश तळीराम या दुय्यम पात्राच्या नावात आहे. ते सामान्यनाम होऊन मद्यपी या अर्थाने मराठीत रूढ झाले. नायकांच्या नावांना असे भाग्य क्वचित लाभते. विनोदी लेखनात ते अधिक वेळा लाभलेले दिसते. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ, पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ति आणि वल्ली (१९६२) मधील नारायण व सखाराम गटणे ही नावे आज ते पुस्तक न वाचलेली माणसेही वापरतात. ‘गटणे’ हे आडनाव उच्चारताना जिभेला होणारा किंचित त्रास त्या पात्राच्या छापील बोलण्याशी असा काही जुळला आहे, की त्याचे दुसरे नाव कल्पिता येत नाही. तरीही ते नाव विनोदासाठी बनविलेले वाटत नाही, ही त्यातली खुबी. विनोदी पात्राला मुद्दाम वेडेवाकडे नाव देणारे लेखक हसे मिळवतात, पण माणूस गमावतात.

मध्यमवर्गीय कादंबरी : वामन मल्हार जोशी यांच्या रागिणी (१९१५) पासून नायिकांची नावे बदलू लागली. नदी, देवी व पुराणातील सती यांची जागा राग, नक्षत्रे, फुले व भाववाचक गुण यांनी घेतली. शिकलेली मुलगी कादंबरीत आल्याची ही खूण होती. जोशी यांनीच पुढे इंदु काळे व सरला भोळे (१९३४) या पत्ररूप कादंबरीच्या शीर्षकात दोन स्त्रियांची नावे आडनावांसकट छापली. कोणाची कन्या वा कोणाची पत्नी हे न सांगता स्त्रीला नाव-आडनावाने पुढे करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. काळे व भोळे ही आडनावे यमक साधणारी आहेत, अर्थ सुचविणारी आहेत आणि महाराष्ट्रात सर्रास आढळणारीही आहेत. अर्थवाही नावाचा मोह व वास्तवाचा आग्रह या दोहोंना एकाच वेळी पटेल अशी ती निवड आहे.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कादंबरीकार म्हणून नावांकडे समाजशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले. विदर्भाच्या पार्श्वभूमीशी जोडलेल्या गोंडवनातील प्रियंवदा (१९२६) या त्यांच्या कादंबरीचे शीर्षकच विजोड वाटणाऱ्या दोन शब्दांचे आहे : एक गोंडांच्या भूमीचे नाव, दुसरे शाकुंतलातील सखीचे. ब्राह्मणकन्या (१९३०) ची नायिका कालिंदी डग्गे. कालिंदी म्हणजे यमुनाच. पण आता ती सोसणारी राहिली नसून जातीच्या चौकटीला प्रश्न विचारणारी झाली आहे. तिच्या नावापुढचे खडबडीत आडनाव कानाला खटकते आणि खटकावे हेच योग्य आहे. केतकरांच्या कादंबऱ्यांना कलाहीन ठरविणाऱ्या टीकाकारांनी नावांच्या बाबतीत तरी त्यांचे ऋण मानावयास हवे होते. त्यांची पात्रे गोडव्यासाठी निवडलेली नावे धारण करीत नाहीत.

हा गोडवा त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीत विपुल होता. ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या प्रभावकाळात नायक-नायिकांची नावे तीन-चार अक्षरी, संस्कृत, श्रवणमधुर अशी असत, आणि पुष्कळदा त्यांना आडनाव नसे. खांडेकरांनी उल्का (१९३४) सारख्या कादंबरीत नावाला रूपकाचे काम दिले. जळत जाणाऱ्या उल्केची प्रतिमा नायिकेच्या आयुष्याचा अर्थ आधीच ठरवून टाकते आणि वाचकाला शोधण्यासारखे थोडेच उरते. याच्या शेजारी विभावरी शिरूरकर यांची हिंदोळ्यावर (१९३४) ठेवून पाहावी. हेलकावणाऱ्या हिंदोळ्यावर बसलेल्या स्त्रीचे नाव अचला आहे. येथेही अर्थ योजलेलाच आहे. पण तो पात्राच्या स्थितीला पुष्टी देत नाही, विरोध करतो, आणि त्या विरोधातून प्रश्न उभा राहतो. (विभावरी शिरूरकर हे स्वतःच घेतलेले नाव होते. माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर आणि लेखिका म्हणून विभावरी अशी तीन नावे वागविणाऱ्या लेखिकेला नावांची किंमत ठाऊक असणे स्वाभाविक होते.)

या काळातील सर्वांत समर्थ पात्रनाम विश्राम बेडेकर यांच्या रणांगण (१९३९) मधील होय. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेल्या बोटीवर एक भारतीय तरुण व हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी भेटतात. त्या तरुणाचे नाव चक्रधर विध्वंस. हे आडनाव बनावट असते, तर ते असह्य ठरले असते. विध्वंस हे महाराष्ट्रातील एक खरेखुरे आडनाव आहे, त्यामुळे वाचक प्रथम ते सहज स्वीकारतो. पुढे कथा जसजशी सरते, तसतसा त्यातला शब्दार्थ जागा होतो. लेखकाने ते शोधले, घडविले नाही. शोधलेल्या व घडविलेल्या नावांतील हा भेद मराठी समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

रहस्यकथा व बालसाहित्य यांत नावाला वेगळे स्वातंत्र्य होते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड यांची जात-गोत कोणी विचारली नाही. भा. रा. भागवतांच्या बनेश फेणे याला फास्टर हे इंग्रजी विशेषण चिकटले आणि तेच त्याचे नाव झाले; शाळकरी मुलांत टोपणनाव असेच पडते.

ग्रामीण व वैदर्भीय कादंबरी : खेड्यात माणूस ओळखण्याची रीत शहराहून वेगळी असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी माणसं (१९४९) मधील व्यक्तिचित्रांची शीर्षकेच धर्मा रामोशी, शिवा माळी, नामा मास्तर, रघू कारकून अशी आहेत. आडनावाच्या जागी जात किंवा काम आले आहे, कारण गाव त्या माणसाला तसेच ओळखते. बनगरवाडी (१९५५) मध्ये राजाराम विठ्ठल सौंदणीकर हे पूर्ण नाव फक्त नव्या मास्तराला आहे. ते सरकारी हुकमावरचे नाव आहे आणि ते घेऊन तो कारभारी, आयबू, दादू बालट्या, आनंदा रामोशी यांच्यात जातो. आयबू हे अयूब या नावाचे गावाच्या तोंडी बसलेले रूप. शब्द जसे बोलीत शिरून आपले होतात, तसे हे नाव व ते नाव धारण करणारा माणूसही वाडीचा झाला आहे.

विदर्भात गावांच्या नावांनाही माणसांच्या नावांसारखी दुसरी ओळख जोडावी लागते. बोरगाव, सावंगी, सिंदी, पिपरी, तळेगाव ही नावे इतक्या ठिकाणी आहेत, की ती एकटी पुरत नाहीत. वर्धा शहरालगतचे बोरगाव म्हणून बोरगाव (मेघे) म्हटले जाते. मेघे हे त्या भागात आढळणारे आडनावही आहे. त्याच जिल्ह्यात सिंदी (मेघे) व सिंदी (रेल्वे) अशी दोन गावे आहेत आणि तळेगाव (श्यामजीपंत) या गावाने एका व्यक्तीचे नाव जवळ केले आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे हे याच पद्धतीचे प्रसिद्ध नाव. एखाद्या पात्राला बोरगावकर हे आडनाव दिल्याने त्याचे मूळ गाव कळत नाही, ही अडचण पश्चिम महाराष्ट्रातील ‘कर’प्रत्ययान्त आडनावांवर वाढलेल्या लेखकाच्या सहसा ध्यानात येत नाही. शिवाय विदर्भात ‘कर’प्रमाणेच खेडे, मारे, कार यांनी संपणारी आणि चंद्रपूर-यवतमाळकडे तेलुगू संपर्कातून आलेली ‘वार’प्रत्ययान्त आडनावे विपुल आहेत, नावापुढे ‘जी’ लावण्याचा प्रघातही अधिक आहे. वैदर्भीय वातावरणाच्या कथेत बोली अचूक साधूनही आडनावे पुणेरी राहिली, तर सारे वातावरण कृत्रिम होते.

या दृष्टीने उद्धव शेळके यांची धग (१९६०) ही कादंबरी मननीय आहे. शेळके हे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे. वऱ्हाडी बोलीतील या कादंबरीची नायिका कौतिक. तिचा नवरा महादेव, मुलगे भीमा व नामा आणि मुलगी यसोदा. यांतील एकही नाव लेखकाने ठेवलेले वाटत नाही. कौतिक हे कौतुक या शब्दाचे बोलीतील रूप. वऱ्हाड-खानदेशात ते स्त्रियांचे नाव म्हणून रूढ आहे आणि पुरुषांच्या नावांतही आढळते. म्हणजे ते सहज सुचणारे, त्या भागात कोणाचेही असू शकेल असे नाव आहे. परंतु कर्तृत्वशून्य नवरा, दारिद्र्य व मुलांची काळजी यांच्याशी एकटीने झुंजणाऱ्या, कोणाच्याही कौतुकाला पात्र न ठरलेल्या बाईचे ते नाव आहे, हे कादंबरी संपता संपता उमगते. शेळके त्या अर्थाकडे बोट दाखवीत नाहीत. प्रेमचंदांच्या गोदान (१९३६) मधील धनिया या नावातही असाच मूक उपरोध आहे.

धाकट्या मुलाचे नाव आणखी बारकाईने पाहण्यासारखे आहे. कुटुंब शिंप्याचे. नामा हे नामदेव या नावाचे घरगुती रूप आणि संत नामदेव हे शिंपी समाजाचे परम दैवत. जातीचा उल्लेख न करता, आडनाव न देता, एका दोन अक्षरी हाकेतून कुटुंबाची जात, तिची भक्तिपरंपरा आणि आईबापांची मुलाविषयीची आशा हे सर्व व्यक्त झाले आहे. यशोदाची यसोदा होते ती बोलीच्या नियमाने. परंतु छापताना ‘श’ करण्याचा मोह लेखकाने टाळला, यात त्याची निष्ठा दिसते. नागर वाचकाला सोयीचे व्हावे म्हणून संवाद बोलीत आणि नावे प्रमाणभाषेत ठेवणाऱ्या पुष्कळ ग्रामीण कथा याच ठिकाणी फसतात. सदानंद देशमुखांच्या बारोमास (२००२) मध्ये एकाच घरातील सुभानराव, त्यांचा शिकलेला मुलगा एकनाथ व सून अलका या तीन नावांत जुनी शेतकरी पिढी, तिची शिक्षणातून सुटण्याची आशा आणि शहरी अपेक्षा या तीन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. सुभान हे नाव मुसलमानी अमदानीतील शब्द मराठा घरांत किती रुळले होते, याचीही आठवण देते.

नाव व जात : मध्यमवर्गीय कादंबरीने आडनावे गाळली, तेव्हा तिला आपली पात्रे कोणत्याही जातीची नसून माणसे आहेत असे सुचवावयाचे असावे. परिणाम उलट झाला. आडनाव नसलेला अविनाश वा निर्मला ही वाचकांनी आपोआप ब्राह्मण मानली. कारण त्यांच्या घरातील भांडी, सण व बोलणे तेच सांगत होते. ज्याला जात सांगावी लागत नाही, त्यालाच ती गाळता येते. अन्य पात्रांना, विशेषतः नोकर, गडी व मोलकरणी यांना, त्याच कादंबऱ्यांत धोंडी, सखू, भिकू अशी नावे पुरत आणि त्यांना वडिलांचे नाव क्वचितच असे.

दलित साहित्याने ही विषमता पृष्ठभागावर आणली. अण्णा भाऊ साठे यांनी फकिरा (१९५९) मध्ये मांग समाजातील वीराला महाकाव्याच्या नायकाचे स्थान दिले आणि त्याचे नाव जसेच्या तसे ठेवले. बाबूराव बागूलांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या संग्रहाच्या शीर्षकातच नावाचा पेच आहे : जात चोरायची, तर प्रथम नाव सांभाळावे लागते. दया पवार यांचे बलुतं (१९७८) हे आत्मकथन असले, तरी त्याची मांडणी या विषयात अपरिहार्य आहे. दया पवार या नावाने वावरणारा लेखक आणि गावकुसाबाहेर वाढलेला दगडू मारुती पवार यांना त्यात समोरासमोर बसविले आहे. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. एकाच माणसाची ही दोन नावे दोन समाजांत राहतात. दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकर्डा यांसारखी नावे मूल जगावे म्हणून, त्याला कोणाची दृष्ट लागू नये म्हणूनही ठेवली जात, आणि ती सर्व जातींत होती, हे खरे. तथापि वरच्या जातीतील धोंडूचा पुढे धोंडोपंत होई. खालच्या जातीतील धोंड्याला ती वाट नव्हती. मनुस्मृतीच्या वचनाचा येथे आठव होतो. नकोशी हे नाव तर मुलीला उघडउघड ओझे ठरविणारे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा नावाच्या मुलींचे जाहीर समारंभात नामांतर करण्यात आले. जे वास्तवात एका समारंभाने बदलता आले, ते कथेत बदलण्याचा अधिकार लेखकाला नाही. दगडूला प्रकाश म्हणणे हे सौजन्य ठरेल, पण ते असत्य होय.

साठोत्तरी कादंबरीत नावाकडे पाहण्याची दृष्टी पुन्हा बदलली. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) चा नायक पांडुरंग सांगवीकर. पंढरपूरचा देव व खानदेशातील गाव यांना जोडून तयार झालेले हे नाव इतके सर्वसाधारण आहे, की त्याच्यावर कोणतेही रूपक टांगता येत नाही. आपले आयुष्य इतरांहून वेगळे नाही, हे सांगणाऱ्या निवेदकाला तेच हवे. बिढारपासूनच्या कादंबऱ्यांत आलेला चांगदेव पाटील हे नाव तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव क्षेत्राची व योगी चांगदेवाची स्मृती घेऊन येते. याउलट किरण नगरकर यांनी सात सक्कं त्रेचाळीस (१९७४) मध्ये निवेदकाला कुशंक पुरंदरे हे नाव दिले. पुरंदरे हे परिचित आडनाव आणि कुशंक हे बारशात कोणी न ठेवणारे, कुशंकेची आठवण देणारे नाव यांची ही जोडी मुद्दाम अविश्वसनीय आहे, आणि त्या कादंबरीच्या चिरफळ्या झालेल्या निवेदनाला ती साजते. घडविलेले नाव नेहमीच वाईट असा नियम करता येत नाही, तो यामुळे. भाऊ पाध्ये यांनी वासूनाका (१९६५) मधील नाक्यावरच्या पोरांना पोक्यासारखी टोपणनावे दिली, तर बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर (१९६७) मध्ये पदवीसकट पूर्ण नाव शीर्षकात लावून त्या भारदस्तपणाखालचा माणूस उघडा केला. श्याम मनोहरांच्या हे ईश्वरराव… हे पुरुषोत्तमराव… (१९८३) या शीर्षकात नुसती ओळख करून देण्याची लकबच नावांची थट्टा करते.

नाव न देणे हाही नाव देण्याचाच एक प्रकार आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या रथचक्र (१९६२) ची नायिका ‘ती’ एवढ्याच सर्वनामाने वावरते. एकत्र कुटुंबात तिला तिच्या नावाने हाक मारणारे कोणी नाही. ती कोणाची सून, कोणाची आई एवढेच असते. नाव गाळल्याने ती सर्व स्त्रियांचे प्रतीक झाली, असे सांगण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा तिच्या घराचे ते यथातथ्य वर्णन आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कमल देसाई यांच्या हॅट घालणारी बाई (१९७५) या शीर्षकातील अनामिकता वेगळ्या जातीची आहे. तेथे स्त्रीने स्वीकारलेली खूण तिच्या नावाच्या जागी आली आहे.

पात्रनाम व खऱ्या व्यक्ती यांची टक्कर हा लेखकांचा जुना ताप आहे. झोला या फ्रेंच कादंबरीकाराला १८८२ मध्ये द्यूवेर्दी नावाच्या वकिलाने न्यायालयात खेचले आणि कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असताना पात्राचे नाव बदलावयास लावले. मराठीत आडनावे थोड्या गावांशी व घराण्यांशी बांधलेली असल्याने हा धोका अधिक. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पुस्तकाच्या आरंभीची ओळ त्यातून आली; दुर्मिळ आडनावापुढे ती फारशी कामाची नाही. आत्मचरित्रात्मक लेखनात उलटी गरज असते. साने गुरुजींनी श्यामची आई (१९३५) मध्ये पांडुरंग या स्वतःच्या नावाऐवजी श्याम हे नाव घेतले. त्यामुळे स्वतःच्या बालपणाविषयी बोलताना त्यांना संकोच उरला नाही आणि आईचे पुस्तक कोण्या एका घराचे न राहता घराघरांचे झाले.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव घालण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला असून त्याने व्यवहारातील मराठी नाव चार भागांचे झाले आहे. तीन भागांच्या नावातले दोन भाग कादंबरीकारांनी बहुतेक वेळा गाळले होते. गाळलेल्यांत वडिलांचे नाव नेहमीच असे. धगमधील भीमा व नामा यांची नावे या रीतीने लिहिली, तर त्यांत महादेवाच्या आधी कौतिकचे नाव येईल.